रेडिएटर थंड का? टेलच्या शेतकऱ्याला विचारा



मागच्या लेखाच्या शेवटी मी कबूल केलं होतं की पुढच्या वेळी मॅनिफोल्ड म्हणजे काय ते सांगेन. आज तेच सांगणार आहे, फक्त प्रयोगशाळेतून नाही, इथे शेफिल्डमधल्या एका काकूंच्या घरातून. नोव्हेंबरात एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला.

“अगं, तू ते पाइपातल्या पाण्याचंच काहीतरी करतेस ना?”

माझ्या साडेतीन वर्षांच्या संशोधनाचं इतकं नेमकं वर्णन आजवर कुणी केलेलं नाही. मी हो म्हणाले.

भानगड अशी होती. काका न्यूमोनियातून उठून नुकतेच हॉस्पिटलमधून घरी आले होते. जिना चढायचा नाही, म्हणून त्यांची कॉट खालच्या मजल्यावर, मागे वाढवून घेतलेल्या खोलीत टाकली होती. घरात आठ रेडिएटर, आणि नेमका त्याच खोलीतला थंड. सकाळी खोलीत १४ अंश. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंड हवामानात घरात किमान १८ अंश असावेत असं म्हटलंय, आणि वयस्कर किंवा आजारी माणसांना त्याहून जास्त लागू शकतात असंही. म्हणजे हा प्रश्न ‘स्वेटर घाला’ म्हणून सुटणारा नव्हता.

एका कंपनीचा माणूस येऊन गेला होता. पाच-सात मिनिटं बॉयलरपाशी उभा राहिला, थंड रेडिएटरला हात लावला आणि म्हणाला, बॉयलर ११ वर्षांचा झालाय, बदलून टाका. खर्च २,६०० पाऊंड. काकू-काका दोघंही पेन्शनवर. काकांनी आपल्या परीने बॉयलरचं तापमान ८० अंशांपर्यंत वाढवून पाहिलं होतं. त्याने गॅसचं बिल वाढलं, खोली तशीच.

मी फोनवर एकच विचारलं, “काकू, बाकीचे सात तापतात का?”

“तापतात म्हणजे? हॉलमधल्याला तर हात लावत नाही.” (काकूंचा हॉल म्हणजे आपला मराठी हॉल, बैठकीची खोली. इंग्रजांचा हॉल म्हणजे दारातला पॅसेज. हा घोळ पुढेही होईल, सांभाळून घ्या.)

आता तुम्हीच विचार करा. एकच बॉयलर आठ जणांना गरम पाणी पुरवतोय. सात जण खूश आहेत आणि एक उपाशी. यात स्वयंपाकी बदलून काय होणार? चूक वाढप्याकडे आहे.

पुण्या-मुंबईतल्या वाचकांसाठी आधी दोन वाक्यांत ही व्यवस्था सांगते. गीझरसारखं इथे नवं पाणी येऊन तापून निघून जात नाही. तेच ते पाणी वर्षानुवर्षं बंद नळ्यांतून फिरत राहतं: बॉयलर तापवतो, पंप ढकलतो, एका पाइपातून ते रेडिएटरांकडे जातं, भिंतीवरच्या त्या चपट्या लोखंडी पेट्यांमध्ये आपली उष्णता खोलीला देतं आणि दुसऱ्या पाइपातून परत बॉयलरकडे येतं. रेडिएटर एकामागोमाग एक ओवलेले नसतात. मुख्य जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाइपांच्या मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे बसवलेले असतात. पाण्याचा प्रत्येक थेंब यातली एकच पायरी निवडतो आणि परत जातो. ही शिडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी हात लावा

रेडिएटर थंड आहे हे वाक्य डॉक्टरला ‘पोटात दुखतंय’ सांगण्यासारखं आहे. कुठे दुखतंय ते महत्त्वाचं. हीटिंग सुरू करून अर्धा तास द्या आणि मग हाताने चाचपून बघा. (बेतानं. चांगला तापलेला असेल तर चटका बसतो.)

वरून थंड आणि खाली गरम असेल तर आत हवा आहे. गावाकडे विहिरीवरची मोटर एअर धरते ना, तसलाच प्रकार. हवा हलकी, वर जाऊन बसते आणि तेवढ्या भागात पाणी चढत नाही. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोनी स्क्रू असतो, त्याची किल्ली हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळते. हीटिंग बंद करून सगळं गार होऊ द्या, खाली फडकं धरा, स्क्रू पाव ते अर्धा फेरा सैल करा. आधी फुसफुस, मग पाणी. पाणी आलं की घट्ट. हीटिंग चालू ठेवून हे करू नये: पाणी पोळतं, आणि काही घरांत पंपाच्या ओढीमुळे हवा बाहेर येण्याऐवजी आत जाते. नंतर बॉयलरवरचा दाबाचा काटा बघा. हवा गेली की दाब उतरतो. गार असताना तो साधारण १ ते १.५ बार असावा, कमी असेल तर भरून घ्यावा. फक्त वरच्या मजल्यावरचे रेडिएटर थंड असतील तर आधी हाच काटा बघायचा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. दर दोन-तीन आठवड्यांनी त्याच रेडिएटरमधून ‘हवा’ काढावी लागत असेल आणि दाब मात्र फारसा उतरत नसेल, तर ती बहुतेक हवा नाहीच. तो हायड्रोजन आहे. रेडिएटर पोलादाचा, आत पाणी, आणि पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी लोखंड गंजायचं थांबत नाही. आधी लोखंडाचं हायड्रॉक्साइड तयार होतं, त्याचं पुढे मॅग्नेटाइट होतं आणि सोबत हायड्रोजन सुटतो. रसायनशास्त्रात याला शिकोर अभिक्रिया म्हणतात. हायड्रोजन पेट घेतो, तेव्हा ‘बघू या जळतं का’ म्हणून काडी ओढण्याचं संशोधन करू नका. अशा वेळी उपाय हवा काढण्याचा नसून गंज थांबवणारं औषध पाण्यात घालण्याचा आहे.

आणि ते मॅग्नेटाइट? ते काळं, बारीक, जड असतं. त्याचा गाळ रेडिएटरच्या तळाशी, बहुधा मधोमध, साचतो. म्हणून खाली मध्यभागी थंड आणि वर-कडेला गरम अशी खूण दिसली तर गाळाचा संशय घ्यायचा. खात्री करायची तर थोडं पाणी पांढऱ्या वाटीत काढा आणि वाटीला बाहेरून लोहचुंबक लावा. काळे कण चुंबकाकडे धावले की समजा. (कार्पेटवर एक थेंबही सांडू नका. ते डाग जात नाहीत, हा माझ्या भाड्याच्या खोलीतला अनुभव आहे आणि डिपॉझिटचा विषय निघाला की अजून दुखतो.)

अख्खाच्या अख्खा रेडिएटर थंड असेल तर त्याच्या एका टोकाच्या व्हॉल्व्हकडे वळायचं. आकडे लिहिलेलं, हाताने फिरणारं डोकं म्हणजे थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह. खोली तापली की तो आपोआप पाणी बंद करतो. डोकं काढलं की खाली एक छोटी पिन दिसते, ती वर-खाली झाली पाहिजे. उन्हाळाभर बंद राहिल्याने ती आत दबूनच चिकटते, आणि मग डोकं पाचवर करा नाहीतर पन्नासवर, पाणी येत नाही. पान्ह्याच्या सपाट बाजूने हलकेच दाबून सोडत राहिलं की बऱ्याचदा सुटते. ओढायची नाही. ओढून हातात आली तर पाण्याचं कारंजं आणि तुम्ही. कधीकधी पिन ठीक असते, पण डोक्यावर जाड पडदा पडलेला असतो. पडद्याआडच्या उबेवरून त्या बिचाऱ्याला वाटतं खोली तापली.

दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकची साधी टोपी असलेला व्हॉल्व्ह असतो. त्याला इथे लॉकशील्ड म्हणतात. टोपी फिरवून काही होत नाही, ती काढून आतला दांडा पान्ह्याने फिरवायचा. घरातल्या बहुतेक लोकांना तो कशासाठी आहे हेच माहीत नसतं. आजच्या गोष्टीचा नायक तोच आहे.

बॉयलरचं झाकण मात्र उघडायचं नाही. गॅसच्या भागाला हात लावायचा अधिकार इथे फक्त गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाला आहे आणि ते बरोबरच आहे. मी पाण्यात पीएचडी करतेय, गॅसमध्ये नाही.

काकूंच्या घरी

दुपारी गेले. गाइडना विचारून प्रयोगशाळेतले दोन थर्मोकपल आणि एक मीटर बरोबर घेतलं होतं. दाब १.२ बार, ठीक. मागच्या खोलीतला रेडिएटर वर कोमट, खाली थंड. हवा नाही. पिन मोकळी. लॉकशील्ड पूर्ण उघडा. आत येणाऱ्या पाइपावर ४६ अंश, बाहेर जाणाऱ्यावर २३. हॉलमधल्या रेडिएटरवर हेच दोन आकडे ७८ आणि ७४.

इथे मी स्वतः थोडी अडखळले. वर कोमट, खाली थंड ही खूण गाळाचीही असू शकते आणि उपासमारीचीही. पाणी फारच थोडं येत असेल तर ते वरच्या भागातच आपली सगळी उष्णता देऊन टाकतं आणि खाली उतरेपर्यंत गार होतं. मग दोन्हींत फरक कसा करायचा? यासाठी एक प्रयोग आहे. फुकट आहे, पंधरा मिनिटांचा आहे आणि माझ्या मते कुणीही चेक फाडण्याआधी तो केलाच पाहिजे.

बाकीचे सगळे रेडिएटर बंद करा.

आम्ही सातही बंद केले. पंपाचं सगळं पाणी आता एकाच वाटेने जाणार. वाटेत गाळ किंवा अडथळा असेल तर तरीही रेडिएटर तापणार नाही. वाट मोकळी असेल तर तापेल. काकूंनी चहा टाकला, आणि चहा गाळून होईपर्यंत काकांच्या कॉटशेजारचा तो रेडिएटर खालपर्यंत चांगला तापला होता. काका म्हणाले, “म्हणजे हा चांगला आहे.” चांगला होता. बॉयलर चांगला, पंप चांगला, पाइप मोकळे. फक्त बाकीचे सात जण पाणी पिऊन टाकत होते.

माझ्या मामांचं शेत इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला. कालव्याचं आवर्तन सुटलं की काय होतं हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. हेडचा शेतकरी चारीचं दार पूर्ण उघडतो, त्याच्या खालचा उघडतो, त्याच्या खालचा उघडतो, आणि टेलला पोहोचेपर्यंत कालव्यात ओल उरते. धरणात पाणी आहे, कालवा फुटलेला नाही, तरी मामांचं पीक वाळतंय. यावर कुणी ‘धरण बदला’ असं म्हणत नाही. मागणी असते ती टेल टू हेड पाणी देण्याची.

पाइपात हेच गणिती भाषेत मांडता येतं. वाहत्या पाण्याचा घर्षणाने होणारा दाबाचा तोटा साधारण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह दुप्पट, तर तोटा चौपट. आता ती शिडी आठवा. बॉयलरजवळच्या पायऱ्यांनी जास्त पाणी ओढलं की सुरुवातीच्या सामायिक पाइपात प्रवाह वाढतो, तिथला तोटा वर्गाने वाढतो आणि शेवटच्या पायरीसाठी शिल्लक राहणारा दाब झपाट्याने घटतो. शेवटच्याची स्वतःची वाट लांब आहे, हा एक अन्याय. जवळच्यांची हाव त्याचाच दाब खाते, हा दुसरा.

इथे एक उपाय सगळ्यांनाच सुचतो: मोठा पंप लावा. तो का चालत नाही बघा. सगळीकडचा तोटा प्रवाहाच्या वर्गानेच बदलत असेल, तर पंपाचा दाब दुप्पट केला की प्रत्येक वाटेतला प्रवाह साधारण १.४ पट होतो. प्रत्येक वाटेतला. वाटणी जशीच्या तशी. उपाशी माणसाला थोडं जास्त मिळतं, पण भरल्या पोटाच्याला त्याच पटीत मिळतं, आणि पाइप किंचाळायला लागतात ते वेगळंच. काकांनी बॉयलर ८० वर नेला त्याचंही हेच झालं. पाणी अधिक गरम झालं, पण ज्याच्याकडे पाणी पोहोचतच नाही त्याला काय?

मग जवळच्यांचं पाणी तोडायचं. काकूंचा लगेच प्रश्न आला, “अगं, मग हॉल गार पडेल की!” प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत सुंदर वाटतं.

समजा एक रेडिएटर १,००० वॅटचा आहे. हा आकडा युरोपीय मानकात पाणी ७५ अंशांना आत येऊन ६५ ला बाहेर जातं आणि खोली २० अंशांवर आहे असं धरून देतात. त्यासाठी मिनिटाला दीड लिटरहून थोडं कमी पाणी लागतं. आता त्याचं पाणी निम्मं केलं तर उष्णता निम्मी होईल असं वाटतं ना? होत नाही. पाणी सावकाश जातं, त्यामुळे ते आपली उष्णता जास्त वेळ देत राहतं आणि जास्त गार होऊन बाहेर पडतं. ढोबळ गणित केलं तर निम्म्या पाण्यात सुमारे ९०० वॅट मिळतात. पाव पाण्यात सुमारे ७५०. आणि उलट, पाणी दुप्पट केलं तर? फक्त १,०६० च्या आसपास.

पुन्हा एकदा वाचा. हॉलमधला रेडिएटर दुप्पट पाणी पिऊन सहा टक्केच जास्त उष्णता देत होता, आणि त्या सहा टक्क्यांसाठी मागची खोली १४ अंशांवर होती. ऊस पाण्यात उभा केला म्हणून हेडच्या शेतकऱ्याचं टनेज दुप्पट होत नाही, पण ते पाणी टेलला गेलं तर तिथे पीक उभं राहतं. हॉलचं पाणी तोडलं तरी हॉल गार पडत नाही, तो याच कारणाने.

आता लॉकशील्ड कशासाठी असतो ते सांगायची गरज उरली नाही. तो पाटकरी आहे.

काम असं चालतं. सगळे थर्मोस्टॅट पूर्ण उघडे ठेवायचे. घर गार असताना हीटिंग सुरू करायचं आणि कोणता रेडिएटर आधी तापतो ते क्रमाने लिहून काढायचं. मग सर्वांत आधी तापणाऱ्यापासून सुरुवात. त्याचा लॉकशील्ड पूर्ण बंद करायचा, किती फेरे फिरवले ते मोजून लिहायचं (म्हणजे बिघडलं तर मूळ पदावर येता येतं), आणि पाव फेरा उघडायचा. दहा-पंधरा मिनिटं थांबून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तापमान घ्यायचं. पूर्वी या दोन्हींत ११ अंशांचा फरक ठेवायचा रिवाज होता, आजच्या बॉयलरना २० पर्यंतही चालतो. आकड्यापेक्षा सगळ्या रेडिएटरांवर तो सारखा असणं महत्त्वाचं. शेवटचा, टेलचा, पूर्ण उघडा ठेवायचा. थर्मोकपल नसले तर पाइपाला चिमट्याने लावायचे स्वस्त थर्मामीटर पुरतात.

कंटाळवाणा भाग म्हणजे एकाला हात लावला की सगळ्यांचं बदलतं. हॉलचं पाणी तोडलं की जेवणाच्या खोलीचं वाढतं, ते तोडलं की वरच्या बेडरूमचं वाढतं. म्हणून दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. पण प्रत्येक फेरीत चूक लहान होत जाते. इलिनॉय विद्यापीठातल्या हार्डी क्रॉस यांनी १९३६ मध्ये शहराच्या पाणीपुरवठ्यासारखी पाइपांची जाळी कागदावर सोडवण्याची जी पद्धत दिली ती हीच: आधी अंदाजाने प्रवाह मांडा, प्रत्येक वेटोळ्यातली दाबाची तफावत काढा, तेवढी दुरुस्ती करा, पुन्हा मांडा. क्रॉस मुळात इमारतींच्या सांगाड्यांचे इंजिनिअर, आणि तुळयांसाठीही त्यांनी आधी अशीच दुरुस्त्यांची पद्धत शोधली होती. मी पहिल्या वर्षी ही पद्धत कोड करून शिकले. पान्हा आणि गुडघे वापरून ती प्रथमच केली.

चार तास लागले, त्यात पोहे धरून. हॉलचा लॉकशील्ड चार फेरे उघडा होता, तो अर्ध्या फेऱ्यावर आला. पॅसेजमधला आणि जेवणाच्या खोलीतला तसेच. इथे मी विचारलं, “काकू, हे तिन्ही इतके सताड उघडे कुणी ठेवले?” बाकीच्या खोल्यांतले तर बरे होते, दीड-दोन फेऱ्यांवर. काकू क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, “दिवाळीच्या आधी रंग काढला ना गं आपण. रंगाऱ्याने खालचे तिन्ही भिंतीवरून उतरवले होते.”

झालं. कधीकाळी कुणीतरी जाणत्या माणसाने ते तीन व्हॉल्व्ह बरोब्बर लावून ठेवले होते. रंगाऱ्याने रेडिएटर काढताना ते बंद केले आणि परत लावल्यावर, त्याच्या दृष्टीने प्रामाणिकपणे, पूर्ण उघडले. गेली कित्येक वर्षं मागची खोली तापत होती आणि ऑक्टोबरपासून तापेनाशी झाली याचा अर्थ तिथे काहीच बिघडलं नव्हतं. जे बदललं ते तीन खोल्या अलीकडे. बॉयलर बघायला आलेल्या माणसाने ‘केव्हापासून?’ एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. तुमच्याकडे रेडिएटर उतरवायची वेळ आली तर लॉकशील्ड बंद करताना फेरे मोजा आणि रेडिएटरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.

निघताना बॉयलर ८० वरून ७० वर आणला. मागच्या खोलीत पाणी आत ६६, बाहेर ५०. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा मेसेज आला: १८.५. त्याखाली अंगठा.

७० वर आणण्यामागे आणखी एक कारण होतं. इंग्लंडमध्ये २००५ पासून घरात नवा गॅस बॉयलर बसवायचा तर साधारणपणे कंडेन्सिंगच लागतो. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि निघालेल्या उष्णतेचा सुमारे दहावा हिस्सा त्या वाफेत अडकून धुराड्यातून जातो. बॉयलरकडे परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच त्या वाफेचं पाणी होऊन ती उष्णता परत मिळते. आधी काकूंकडे ७२ अंशांचं पाणी परत येत होतं, म्हणजे कंडेन्सिंग बॉयलर कंडेन्स करतच नव्हता. रेडिएटरमधून पाणी सावकाश गेलं की ते गार होऊन परततं आणि हे आपोआप साधतं. (ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी आहे त्यांनी टाकीचं तापमान कमी करू नका. लीजिओनेला जिवाणूंमुळे साठवलेलं पाणी ६० अंशांवर ठेवायचं असतं. काकूंकडे टाकी नाही.)

आणि माझी पाटी

आता मॅनिफोल्ड. माझ्या संशोधनातली बॅटरीखालची पाटी म्हणजे हीच शिडी, तळहातावर मावणारी. एका कडेने पाणी नेणारी नळी, दुसऱ्या कडेने परत आणणारी, मध्ये ३२ बारीक चॅनेल. त्या कडेच्या नळ्या म्हणजे मॅनिफोल्ड. फरक इतकाच की इथे उष्णता द्यायची नाही, काढून घ्यायची आहे. एका चॅनेलला पाणी कमी पडलं की त्याच्यावरचा बॅटरीचा सेल बाकीच्यांपेक्षा तापतो, आणि तापलेला सेल लवकर म्हातारा होतो.

गंमत अशी की काकूंच्या घरात टेल उपाशी राहते आणि माझ्या पाटीत, प्रवाह जोरात असताना, टेललाच जास्त पाणी जातं. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी आठवडाभर स्वतःच्या कोडमधली चूक शोधत होते. चूक नव्हती. मॅनिफोल्डमध्ये प्रत्येक फाट्यावर थोडं पाणी बाजूला निघून जातं, उरलेल्याचा वेग कमी होतो, आणि वेग कमी झाला की दाब वाढतो: बर्नुली, अकरावीचं पुस्तक. घरातले पाइप लांब असतात, तिथे घर्षणाचा तोटा इतका मोठा की ही वाढ कुठल्या कुठे बुडून जाते. पाटीतली नळी बोटभर लांबीची. तिथे घर्षण थोडं आणि वेग कमी होण्याने वाढणारा दाब जास्त, म्हणून शेवटच्या चॅनेलची चैन. माझं सध्याचं काम म्हणजे त्या नळीला निमुळता आकार देऊन या दोन्हींचा तोल साधता येतो का, आणि प्रवाह कमी-जास्त झाला तरी तो टिकतो का, हे बघणं. एका वेगाला तोल साधतो. दुसऱ्या वेगाला बिघडतो. ३२ लॉकशील्ड मला लावता येत नाहीत, चॅनेल जेमतेम मिलिमीटरभर रुंद आहे.

काकूंकडे नंतर नोंदणी असलेला एक माणूस येऊन बॉयलरची वार्षिक तपासणी करून गेला आणि पाण्यात गंजरोधक घालून गेला. रंगकामाच्या वेळी तीन रेडिएटर रिकामे करून नवं पाणी भरलं होतं. नव्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन आत आला होता आणि जुनं औषध पातळ झालं होतं, म्हणून मीच तसं सुचवलं. बॉयलर उत्तम आहे म्हणाला.

काका आता जिना चढायला लागलेत. वरची छोटी बेडरूम हल्ली उशिरा तापते अशी त्यांची ताजी तक्रार आहे. पाव फेरा इकडेतिकडे झाला असणार. शनिवारी पान्हा घेऊन जातेय, कढी-खिचडीच्या बोलीवर.